चार नंबरचं फाटक

फोन बारा वाजता येणार होता, आणि उपासनाने तो प्रश्न साडेअकराला विचारला.

तोवर अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या घरातला रविवार अगदी सुरळीत चालला होता. बुद्धपौर्णिमा आठवड्याच्या मध्येच येत होती, म्हणून कुशलने कार्यक्रम दोन दिवस आधी, सुटीच्या दिवशी ठेवला होता. घरच्यांची वंदना सकाळी नऊला झाली. बाकीची मंडळी दीडला जेवायला येणार होती. कुशलची बायको दीपा खिरीपाशी उभी होती. प्रतिमाताई, म्हणजे कुशलची थोरली बहीण, शुक्रवारीच पार्सिपनीहून आली होती आणि आल्यापासून भावजयीच्या फ्रिजची मांडणी बदलत होती. कुशल गराजमधून घडीच्या खुर्च्या आणून हॉलमध्ये मांडत होता आणि मनात म्हणत होता, आज तरी ती मॅच नको.

पण आज तर त्या मॅचचाच दिवस होता. डायनिंग टेबलावर, पांढराशुभ्र शर्ट घालून, कुशलचे वडील धर्मराज रंगारी अकरा निळ्या वह्या समोर घेऊन बसले होते. शेजारी त्यांची नात उपासना लॅपटॉप उघडून बसली होती. ती प्रतिमाताईची मुलगी. स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएचडी करणारी ही पोरगी, सेमिस्टर संपताच आजोबांच्या वह्यांमागे लागली होती.

ब्रॅकनशॉ टाउन हा उत्तर इंग्लंडमधला एक लहानसा फुटबॉल क्लब. १९०८ साली रंगाच्या कारखान्यातल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हिवाळ्यात काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तो काढला. रंगवलेलं कापड ताणून वाळवायचं एक कुरण होतं, त्यावरच गोलचे खांब रोवले. १९२१ साली क्लब लीगमध्ये शिरला आणि त्यानंतरची सगळी वर्षं त्याने तळाच्या पायऱ्यांवर वरखाली करण्यात घालवली. चारदा वर चढला, चारदा घसरला, एकदा लीगमधून थेट बाहेर फेकला गेला आणि पंधरा वर्षांनी परत आला. लोक त्याला डायर्स म्हणत, म्हणजे आपल्याकडचे रंगारी. धर्मराज १९६४ साली त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि त्यांनी आडनावाचा अर्थ सांगितला, तेव्हा फोरमनने त्यांना हाताला धरून शनिवारी मैदानावर नेलं होतं. पुढच्या महिन्यात ते चार नंबरच्या फिरत्या फाटकावर बसायला लागले. माणसामागे एकदा दांडा ढकलायचा, नाणी घ्यायची, मोजणीचा आकडा शेवटी ऑफिसात द्यायचा. अकरा सीझन, अकरा वह्या. हवा, वारा, फाटकाचा आकडा, गोल. सगळं मराठीत.

१९७३ साली क्लबचं लाकडी स्टँड जळालं आणि त्याच्या पोटातलं ऑफिसही. जुनी रजिस्टरं गेली. आता शंभराव्या वर्षी क्लबचा इतिहास छापायला निघाला होता, आणि तो लिहिणारे मिस्टर क्लेग नावाचे शाळाशिक्षक फेब्रुवारीपासून धर्मराजांना पत्रं लिहीत होते आणि धर्मराज वह्यांतलं इंग्रजीत उतरवून पाठवत होते. त्या दशकाचं एकमेव दप्तर नेपरव्हिलमध्ये, एका बुटाच्या खोक्यात होतं. आज बाराला ते फोनवर एकाच मॅचबद्दल विचारणार होते. जानेवारी १९६८, कपची मॅच. पहिल्या डिव्हिजनच्या बड्या क्लबला ब्रॅकनशॉने दोन-एकने हरवलं, ती. क्लबच्या शंभर वर्षांतला सर्वांत मोठा दिवस. पुस्तक मंगळवारी प्रेसला जाणार होतं आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं एक पान तेवढं बाकी होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी, कुशल जन्मला होता.

ही गोष्ट त्याने किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. नागपूरला, पाहुण्यांसमोर, त्याच्या लग्नात, इथे आल्यावर प्रत्येक पोटलक जेवणाला. "एका दिवशी दोन विजय," असं म्हणून बाबा सुरू करायचे आणि पहिला गोल येईपर्यंत लोक हसायला लागायचे. कुशलही हसायचा. मित्रांमध्ये तो स्वतःच सांगायचा, मी पैदा होत होतो तेव्हा आमचे पिताश्री मॅच बघत होते यार. पण मुलीच्या, इशिताच्या जन्माच्या वेळी तो सव्वीस तास लेबर रूममधून हलला नव्हता, पाणीसुद्धा दीपाच्या ग्लासातलं प्यायला होता, आणि बाहेर येऊन बाबांना पहिलं वाक्य म्हणाला होता, "मी होतो आत. पूर्ण वेळ." बाबांनी नुसती मान हलवली होती.

"आजोबा," उपासना म्हणाली, "एक विचारू? चिडू नका."

"विचार की."

"तुमच्या फाटकावरून काय दिसायचं?"

"फाटकावरून?" धर्मराज हसले. "भिंत आणि स्टँड यांच्यामध्ये एवढी फट होती. त्यातून गिरणीकडचा गोल दिसायचा. कालव्याकडचा नाही. हाफटाइम झाला की फाटक बंद करायचं, आकडा देऊन यायचं, मग शेवटचा अर्धा तास आत उभं राहायला मिळायचं. काहून?"

"मी सगळ्या तीनशे बारा मॅचेस एंटर केल्या. पहिल्या हाफमध्ये कालव्याकडच्या टोकाला एकशे चौऱ्याण्णव गोल झालेत. त्यातल्या एकशे त्र्याण्णव गोलांपुढे तुम्ही लिहिलंय, 'दिसला नाही, ओरडण्यावरून.' आणि एकाच गोलपुढे लिहिलंय की विंगरने डाव्या पायाने आत वळवला, बॅकच्या गुडघ्याला लागून दिशा बदलली, गोलकीपर उजवीकडे झेपावला होता." तिने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. "कपच्या मॅचचा पहिला गोल. एकतिसावं मिनिट. हा तुम्हाला कसा दिसला?"

धर्मराजांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

कुशलच्या हातात दोन खुर्च्या होत्या. त्या त्याने खाली ठेवल्या, जरा आवाज होईल अशाच.

"मी सांगतो कसा दिसला," तो म्हणाला. "फाटक सोडून आत गेले. बरोबर ना बाबा? आई दवाखान्यात, आणि यांना फाटकावर बसणंसुद्धा जमलं नाही. एवढी मोठी मॅच कोण सोडणार!"

"कुशल!" प्रतिमाताई किचनमधून आली. "सणाच्या दिवशी काय लावलंयस?"

"मी कुठे लावलंय? तुझ्या लेकीने लावलंय. मी फक्त हिशेब पूर्ण केला."

"मामा, मी तसं नाही म्हटलं हं," उपासना म्हणाली. "मी फक्त आउटलायर दाखवला, बाकीच्यांत न बसणारा एक आकडा."

सोफ्याच्या कोपऱ्यात कुशलची आई मीराबाई फुलांच्या देठांची टोकं काढत बसल्या होत्या. आता त्यांनी कात्री बाजूला ठेवली.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"शनिवारी हे घरी आले ना, की हाताला नाण्यांचा वास यायचा. त्या मोठ्या तांब्याच्या पेन्या. दोनदा साबण लावला तरी जायचा नाही. त्या संध्याकाळी मी शुद्धीवर आले तर यांनी माझा हात धरला होता. वास नव्हता. मी म्हटलं, म्हणजे आज फाटकावर बसलेच नाहीत. आत जाऊन बसले मॅच बघायला." त्या नवऱ्याकडे पाहत होत्या, रागाने नव्हे, जुनं काहीतरी तपासून बघावं तशा. "चाळीस वर्षं झाली. म्हटलं, माणसाला तेवढी एकच हौस होती. कशाला विचारायचं?"

"तू असं समजत होतीस?" धर्मराजांचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढी वर्षं?"

"मग काय समजायचं होतं?"

धर्मराजांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. कुशलला वाटलं, आता बाबा नेहमीसारखं हसून गोष्टच सुरू करतील. पण ते टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बोलले.

"मी मैदानावर गेलोच नव्हतो."

खिरीखालचा गॅस दीपाने बंद केला.

"सकाळी अकराला हिला घेऊन बसने इन्फर्मरीत गेलो. नर्स म्हणाली, घरी जा, संध्याकाळी सातला या. तेव्हा नवऱ्याला आत थांबूच देत नसत. मी निघालोही होतो. जिन्यात डॉक्टरने गाठलं. म्हणाला, बाळ आडवं आहे, संध्याकाळपर्यंत वळलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल, सही करा. दोघं वाचतील ना, विचारलं तर म्हणाला, आम्ही प्रयत्न करू. एवढंच. माझ्या प्रयोगशाळेत कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. सही केली आणि तिथल्याच बाकावर बसलो. मॅट्रन दोनदा हाकलायला आली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, पोलीस बोलवा. मग तिने चहा आणून दिला."

"आणि फाटक?" उपासनाने विचारलं.

"दीडला उघडायचं होतं. मी रुग्णालयाच्या फोनवरून आल्फला फोन केला. आल्फ थ्वेट. आमच्या शेजारच्या दारात राहायचा, कारखान्यात रंगाच्या कढईवर होता. वयाच्या सहाव्या वर्षापासून एक शनिवार चुकवला नव्हता त्याने. त्याला म्हटलं, फाटकावर कुणीतरी बसव. तो म्हणाला, मैदानातली माझी जागा मी बायकोला देऊ शकत नाही, पण फाटकावरची तुझी देतो. आणि त्याने तिला बसवलं. नोराला. माझा कोट, माझी टोपी घालून. त्या दिवशी चार नंबरमधून दोन हजार एकशे अठरा माणसं आत गेली. अकरा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा, तो नोराचा आहे. तिने खाली माझी सही केली."

प्रतिमाताई हळूच खुर्चीत बसली. "नोरा आंटीने? मला त्या दिवशी त्यांच्या सासूकडे ठेवलं होतं. मी विचारत होते, आंटी कुठे गेली, तर म्हातारी म्हणाली, बाजारात."

"तुला सांगितलं असतं तर तू शाळेत सांगितलं असतंस," धर्मराज म्हणाले. "फाटकावर परक्या माणसाला बसवायचं नाही, हा नियम होता. पैशाचा मामला. कळलं असतं तर आल्फला मैदानावर कायमची बंदी. त्याला बंदी म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मॅच संपल्यावर तो मैदानातून तीन मैल चालत आला. बस मिळेना, सगळं गाव रस्त्यावर नाचत होतं. पाच पस्तीसला पोचला. बाकावर बसला. मला वाटलं, विचारेल, काय झालं, कसं आहे. नाही विचारलं. खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं, पाकिटाच्या मागच्या बाजूला मैदान आखलं आणि पहिल्या मिनिटापासून मॅच सांगायला लागला. प्रत्येक थ्रो. कुणी कुणाला पास दिला. मी उठलो की शर्ट ओढून खाली बसवायचा, म्हणायचा, थांब, अजून कॉर्नर घ्यायचाय. नव्वद मिनिटांची मॅच त्याने पावणेदोन तास पुरवली. आत हिला ऑपरेशनला नेलेलं. मी त्या कॉर्नरकडे लक्ष देत होतो, म्हणून जिवंत राहिलो. शेवटी म्हणाला, हे सगळं तुझ्या वहीत लिही, तू पाहिलंस असंच लिही. हा दिवस तुझ्याकडून सुटला असं व्हायला नको."

वरच्या मजल्यावरून इशिताने ओरडून विचारलं, "मॉम, इज द खीर डन?" आणि उत्तर न मिळाल्यामुळे दार लावून घेतलं.

"आल्फ गेला एक्क्याण्णव साली," धर्मराज पुढे म्हणाले. "नोरा दोन हजार दोनला. तेव्हा सांगता आलं असतं. पण तोपर्यंत मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की आता डोळे मिटले की तो गोल मला दिसतो. खरंच दिसतो."

"मला का नाही सांगितलं?" मीराबाई म्हणाल्या.

"तू विचारलं असतंस, डॉक्टर काय म्हणाला. ते मला परत उच्चारायचं नव्हतं."

मीराबाईंनी पदराने डोळे टिपले आणि मग अचानक हसल्या. "बघा हो. आणि मी चाळीस वर्षं यांना माफ करत बसले होते. फुकट गेलं की सगळं."

त्यावर सगळ्यांनाच हसू फुटलं. कुशलच्या डोळ्यांसमोर मात्र एक चौतीस वर्षांचा माणूस येत होता, आजच्या त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, परक्या गावात, मॅट्रनला पोलीस बोलवा म्हणणारा. या माणसाशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती.

घड्याळात पावणेबारा झाले होते.

"मग आता काय करायचं?" दीपाने मुद्द्याला हात घातला. "बाबा, मला विचाराल तर त्या क्लेगना गोल सांगून टाका. गोल तर खरे आहेत ना?"

"हो ना," प्रतिमाताई लगेच म्हणाली. एरवी नणंद-भावजयींचं मिठावरही एकमत होत नसे. "कोण तपासायला बसलंय? तुमचं नाव पुस्तकात येईल, फोटो येईल. या वयात कशाला नवीन कटकट!"

"सोर्स चुकीचा आहे, आई," उपासना म्हणाली. "निरीक्षण आल्फचं आहे."

"तू गप्प बस गं. तुझ्यामुळेच झालंय सगळं."

"मला भीती नावाची नाही," धर्मराज म्हणाले. "एक पान खोटं निघालं, की बाकीच्या तीनशे अकरांवर कोण विश्वास ठेवील? मी असतो तर ठेवला नसता. सगळी बॅच फेकून दिली असती. त्यांच्याकडे दुसरं दप्तर नाही. माझ्यामुळे त्या क्लबची दहा वर्षं पुसली जातील." ते थांबले. "आणि दुसरीकडे, सकाळीच चौथं शील म्हटलं. मुसावादा, म्हणजे खोटं बोलणार नाही. तीन तास नाही झाले."

हॉलमधली पाचही माणसं कुशलकडे बघायला लागली. घर त्याचं होतं, फोनही त्याचा. आणि त्या मॅचवर चाळीस वर्षं रागावलेला एकटा तोच होता.

"उपासना," तो म्हणाला, "त्या एकशे त्र्याण्णव ठिकाणी बाबांनी काय लिहिलंय म्हणालीस?"

"दिसला नाही."

"म्हणजे ज्या माणसाने एकशे त्र्याण्णव वेळा 'मला दिसलं नाही' असं लिहून ठेवलंय, त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?" तो वडिलांकडे वळला. "बाबा, एकदा राहून गेलं. आज लिहा. एकशे चौऱ्याण्णव."

धर्मराज त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी १९६७-६८ची वही जवळ ओढली, ते पान काढलं, आणि समासात सावकाश लिहिलं: दिसला नाही. आल्फ थ्वेटने सांगितल्यावरून. त्याखाली आजची तारीख घातली, सही केली.

फोन बाराच्या ठोक्याला वाजला. मिस्टर क्लेग वेळेचे पक्के निघाले. कुशलने स्पीकर लावला.

"मिस्टर रंगारी! सगळं गाव वाट बघतंय तुमच्या पानाची. सुरुवात करूया? एकतिसावं मिनिट."

"मिस्टर क्लेग, मी तिथे नव्हतो," धर्मराज आपल्या जुन्या, जपून बोलायच्या इंग्रजीत म्हणाले.

मग धर्मराजांनी सगळं सांगितलं: बाक, पाकिटावरचं मैदान, नोराच्या डोक्यावरची टोपी. काहीही चढवलं नाही, काही वगळलं नाही. बोलताना एकदाच अडखळले, ऑपरेशनच्या सहीपाशी. उपासनाने मध्येच, घाईघाईने, एकशे त्र्याण्णवचा आकडा घातला.

"नोरा थ्वेट?" क्लेग म्हणाले. "चार नंबरवर? सर, मी अकरा वर्षांचा होतो. चार नंबरनेच आत गेलो होतो. टोपीखालचा तो माणूस मला म्हणाला, शर्ट आत खोच. मी घरी येऊन आईला सांगितलं की भारतीय लोक अगदी आपल्या आयांसारखं बोलतात." आणि ते हसायला लागले, इतके की शेवटी त्यांना खोकला आला. "तुमच्या वह्या जशाच्या तशा छापतोय. हे पान आल्फच्या नावाने जाईल. फाटकाचा आकडा नोराच्या. चालेल?"

"चालेल," धर्मराज म्हणाले. "थँक यू. थँक यू, मिस्टर क्लेग."

मीराबाईंनी मान खाली घातली होती. प्रतिमाताईने दीपाच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"शेवटी आभाराचं पान आहे," क्लेग म्हणाले. "तुम्हाला कुणाचं नाव घालायचंय का?"

धर्मराजांनी तोंड उघडण्याआधीच कुशल फोनकडे वाकला.

"मला घालायचंय. आल्फ आणि नोरा थ्वेट यांचे आभार. कुशल रंगारीकडून. त्या संध्याकाळी जन्मलेल्या."

"लिहून घेतो. कुशल... रंगारी." कागदावर पेनाचा आवाज आला. "आम्ही या पुस्तकात सगळ्याची वेळ घालतो, मिस्टर रंगारी. तुमची काय?"

कुशलला ती माहीत नव्हती. त्याच्या जन्मदाखल्यावर फक्त तारीख होती, आणि विचारायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं. ती तर तेव्हा शुद्धीवर नव्हती.

"सात वाजून बावीस मिनिटं," धर्मराज म्हणाले. "मी होतो तिथे."